वाचकांचे प्रश्न : डोंगरमाथ्यावरच्या मनोऱ्यावर जाताना

शहरालगतच्या डोंगरावर उभारलेल्या निरीक्षण मनोऱ्यांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सर्वांत जास्त तक्रार एकच आहे: एवढे चढून गेलो आणि समोर पांढुरका पडदा. म्हणून हवेचा प्रश्न आधी घेतला आहे आणि त्याला जागाही सढळ हाताने दिली आहे.

प्रश्न : आम्ही दोनदा गेलो. दोन्ही वेळा लख्ख ऊन होते, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, तरी वरून शहर धूसरच दिसले. नेमके कधी जावे?

आकाश निरभ्र असणे वेगळे आणि हवा स्वच्छ असणे वेगळे. मान वर करून पाहता तेव्हा नजर धूळधुराच्या थरातून जेमतेम एक-दोन किलोमीटर जाते आणि पुढे स्वच्छ हवा लागते. मनोऱ्यावरून आडवे पाहता तेव्हा तीच नजर त्याच थरातून वीस-तीस किलोमीटर जाते. त्यामुळे डोक्यावर निळे आणि समोर पांढरे असे दोन्ही एकाच वेळी दिसू शकते.

निघण्याआधी तीन गोष्टी पाहा. पहिली, हवेतली आर्द्रता. ती साधारण ७५ ते ८० टक्क्यांच्या वर गेली की हवेतले मिठाचे आणि सल्फेटचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात आणि प्रकाश कितीतरी जास्त विखुरतात. धूळ तेवढीच असते, पण धूसरपणा दुप्पट-तिप्पट वाटतो. दुसरी, पाऊस. चांगली सर येऊन गेली आणि पाठोपाठ कोरडा वारा सुटला, तर पुढचे काही तास सोन्यासारखे असतात. कण धुऊन निघालेले असतात आणि नवा धूर अजून साठलेला नसतो. अशी संधी आली तर ठरलेला रविवार सोडून त्याच दिवशी निघा, मग बुधवार का असेना. तिसरी गोष्ट वारा. दोन-तीन दिवस वारा पडलेला असेल तर शहराचा धूर शहरावरच साचतो.

आता सकाळ की दुपार? शांत, निरभ्र रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. पहाटेचा सगळा धूर आणि धुके त्या झाकणाखाली कोंडतात. डोंगरमाथा झाकणाच्या वर असेल, तर पहाटे लांबच्या रांगा कोरून काढल्यासारख्या दिसतात, पण शहर मात्र राखाडी गोधडीखाली झोपलेले असते. ऊन तापले की झाकण मोडते आणि धूर वर चढून पातळ होतो. त्या वेळी तो तुमच्या उंचीपर्यंत येतो, म्हणून लांबच्या रांगा पुसट होतात आणि जवळचे शहर मात्र उघडे पडते. थोडक्यात, लांबचे डोंगर किंवा ढगांचा समुद्र पाहायचा असेल तर सूर्योदयाला जा. शहरातले पूल, रस्ते, इमारती ओळखायच्या असतील तर दुपार कलल्यावर जा.

यात आणखी एक मेख आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही: सूर्य पाठीशी हवा. गाडीच्या धुळकट काचेतून उन्हाकडे तोंड करून पाहा, रस्ता दिसेनासा होतो. गाडी वळवा, तीच काच पुसल्यासारखी वाटते. धुळीचे कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात, म्हणून सूर्याच्या बाजूची हवा चकाकते आणि मागचे सगळे झाकून टाकते. शहर डोंगराच्या पूर्वेला असेल तर दुपारनंतर जा, पश्चिमेला असेल तर सकाळी. तुम्ही दोनदा गेलात आणि दोन्ही वेळा शहर सूर्याच्या दिशेला असेल, तर निम्मे उत्तर इथेच मिळाले.

प्रश्न : डोंगरच भोवतालच्या सपाटीपेक्षा ५०० मीटर उंच आहे. त्यावर ५० मीटरचा मनोरा. एवढ्या ५० मीटरने असे काय जास्त दिसणार?

क्षितिजाच्या हिशोबाने फारच थोडे. उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ३.८६ ने गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते येते (प्रकाश हवेत किंचित वाकतो, तो परिणाम या आकड्यात धरला आहे). ५०० मीटरवरून सुमारे ८६ किलोमीटर, ५५० मीटरवरून ९० च्या किंचित पुढे. इतक्या लांबचे हवाच बहुतेक दिवशी दिसू देत नाही. लक्षात ठेवा, ही उंची भोवतालच्या सपाटीपासून मोजायची, समुद्रसपाटीपासून नाही.

मनोऱ्याचे खरे काम वेगळे आहे. डोंगराचा माथा सहसा गोलसर असतो. कड्याच्या टोकाला उभे राहिले नाही, तर डोंगराचा स्वतःचा खांदाच पायथ्याचे शहर झाकतो. वर झाडी असेल तर तीही आडवी येते. मनोरा तुम्हाला झाडांच्या शेंड्यांवर नेतो आणि खांद्यावरून खाली डोकावू देतो. पायथ्याची वस्ती, नदीचे वळण, रेल्वेचे रूळ हे सगळे या ५० मीटरमुळेच दिसते आणि एका जागेवरून चारही दिशा मिळतात. प्रागमधल्या पेत्रशीन टेकडीवरचा १८९१ चा लोखंडी मनोरा साठेक मीटरचाच आहे, पण टेकडीवरच्या झाडीतून तो डोके वर काढतो म्हणून सगळे शहर नजरेत येते.

माथा उघडा असेल, कडा तुटलेला असेल आणि तुम्हाला एकाच दिशेला पाहायचे असेल, तर मनोरा चढला नाही तरी चालेल.

प्रश्न : लिफ्ट नाही, लोखंडी गोल जिना आहे. साठीच्या आईला घेऊन जायचे आहे, गुडघे थोडे दुखतात. जमेल का?

आधी पायऱ्या मोजा. साधारण १७ सेंटिमीटरची एक पायरी धरली, तर ५० मीटरला सुमारे ३०० पायऱ्या होतात (पेत्रशीनच्या २९९ आहेत). न थांबता पाच-सहा मिनिटे, थांबत थांबत बारा-पंधरा. चढताना बोलता आले पाहिजे. वाक्य तुटायला लागले की पुढच्या टप्प्यावर थांबा. छातीत दुखणे किंवा चढल्यावर दम लागणे हा त्रास आधीपासून असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका.

गुडघ्यांसाठी चढणे नव्हे, उतरणे जड जाते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो, आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो. त्यामुळे वर पोहोचल्यावर ‘आता काय, उतरायचेच आहे’ असे म्हणून घाई करू नका. एका हाताने कठडा धरून, दुखरा पाय आधी खाली टाकून, एकेका पायरीवर दोन्ही पाय आणत उतरायचे. चढताना याच्या उलट, चांगला पाय आधी.

गोल जिन्याची पायरी आतल्या बाजूला निमुळती होते. तिथे अर्धेच पाऊल मावते आणि टाच लोंबकळते. आईंना बाहेरच्या रुंद बाजूने चालू द्या आणि चढताना तुम्ही मागे, उतरताना पुढे राहा. चढायचा आणि उतरायचा जिना एकच असेल तर समोरून येणाऱ्यांनी आत सरकावे, आईंनी नव्हे. पेत्रशीनला दोन्ही जिने वेगळे आहेत. सगळीकडे ती सोय नसते, म्हणून गर्दीची वेळ टाळा. तळवा सपाट आणि पकडीचा हवा. जाळीच्या पायरीत उंच टाच हमखास अडकते.

प्रश्न : वर गेल्यावर पोटात गोळा येतो, पाय लटपटतात, मनोरा आपल्यासकट कलतोय असे वाटते. कठडा मजबूत आहे हे कळते, पण वळत नाही.

यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा काही नाही. माणूस स्तब्ध उभा असतानाही किंचित डोलत असतो. डोळे जवळच्या वस्तूंची सरकती जागा टिपतात आणि शरीर स्वतःला सावरते. उंचावर सर्वांत जवळची वस्तूच शेकडो मीटरवर असते. तिची जागा इतक्या थोड्या डोलण्याने बदलल्यासारखी दिसत नाही, डोळ्यांकडून खबर येत नाही आणि डोलणे वाढते. तेच तुम्हाला कलण्यासारखे जाणवते. भीती त्यावर स्वार होते.

म्हणून उपायही तिथूनच निघतो. नजरेच्या कोपऱ्यात एखादी जवळची, न हलणारी वस्तू ठेवा: कठड्याचा खांब, भिंतीची कड. कठड्यावर बोटे नुसती टेकवा. घट्ट आवळायची गरज नाही, बोटांच्या हलक्या स्पर्शानेही डोलणे कमी होते. पाठ मधल्या भिंतीला लावून आधी क्षितिजाकडे पाहा. मग नजर हळूहळू जवळ आणा आणि सर्वांत शेवटी खाली. सरकत्या ढगांकडे मान वर करून पाहू नका आणि उभ्याने दुर्बीण लावू नका, दोन्हींनी तोल जास्त जातो. श्वास जोरजोरात घेतला तर बोटांना मुंग्या येतात आणि भीती दुप्पट होते. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या.

पायाखाली जाळी असेल तर खाली रोखून न पाहता दोन-तीन मीटर पुढे पाहत चाला. वर एका दमात जाण्यापेक्षा प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन मिनिटे थांबा, डोळ्यांना सवय होऊ द्या. आणि बरोबरच्यांना कळकळीची विनंती: भ्यालेल्या माणसाला हात धरून कडेला ओढू नका. एकदा असे झाले की तो माणूस पुन्हा कधी वर येत नाही. सपाट जमिनीवर उभे असतानाही सगळे गरगर फिरत असेल, तर ती गोष्ट वेगळी. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : वाऱ्याच्या दिवशी मनोरा खरोखर हलतो का? की भास?

खरोखर हलतो, आणि हलायलाच हवा. पोलाद किंवा काँक्रीट वाऱ्याबरोबर थोडे वाकून परत येते. न वाकणारी उंच रचना बांधताच येत नाही. उंच मनोऱ्याचा एक झोका पुरा व्हायला काही सेकंद लागतात, ठेंगण्याचा लवकर होतो. खात्री करायची असेल तर अर्धी भरलेली पाण्याची बाटली जमिनीवर ठेवा आणि पाण्याच्या कडेकडे पाहा.

डोंगरमाथ्यावर वारा पायथ्यापेक्षा जास्त असतो. चढावर येणारी हवा माथ्यावर दाटते आणि वेग घेते. शिवाय दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा ताशी २० चा ४० किलोमीटर झाला की जोर चौपट होतो. म्हणूनच रोपवे आणि उघडा सज्जा वाऱ्यासाठी बंद ठेवतात तेव्हा मनोरा पडण्याची भीती नसते, तर पाळणा झुलून खांबाला लागण्याची आणि माणसे तोल जाऊन पडण्याची असते. बंद असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नका. निघण्याआधी चौकशी करणे एवढेच आपल्या हातात आहे.

कपड्यांचा हिशोबही करा. दर १००० मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे ५०० मीटरवर तीन-साडेतीन अंश. हे फारसे वाटत नाही, पण वर १० अंश तापमान आणि ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर अंगाला ते ६ अंशांसारखे लागते. चढून घाम आलेला असेल तर आणखीच. जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारे पातळ जाकीट जास्त कामाचे. टोपी दोरीची असू द्या.

प्रश्न : लिफ्टने उतरताना मुलाच्या कानात दडे बसतात आणि तो रडतो. चढताना काही होत नाही. असे का?

चढताना बाहेरचा दाब कमी होतो आणि कानाच्या पडद्यामागची जास्तीची हवा घशाकडच्या नळीतून आपोआप निसटते. उतरताना उलट हवा आत यावी लागते आणि त्यासाठी नळी स्नायूंनी उघडावी लागते. गिळताना, जांभई देताना ती उघडते. म्हणून लिफ्ट सुटायच्या आधीच मुलाला घोट-घोट पाणी द्या किंवा काही चघळायला द्या. दडा बसल्यावर देऊन उपयोग कमी. नाक चोंदले असेल तर त्या दिवशी जाणे टाळलेले बरे, कारण सुजलेली नळी उघडतच नाही.

प्रश्न : दुर्बीण कोणती न्यावी? वर बसवलेल्या मोठ्या दुर्बिणीतून सगळे हलताना दिसते.

मनोऱ्यासाठी ८ पटीची पुरे. साध्या डोळ्याला १० किलोमीटरवर सुमारे ३ मीटर अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. ८ पटीला हेच अंतर ४० सेंटिमीटरच्या आत येते, पण हात स्थिर असेल तर. १२ किंवा १६ पट घेतली की हाताचा थरथराटही तितकाच मोठा होतो. ८ × २५ (८ पट, पुढच्या भिंगाचा व्यास २५ मिलिमीटर) लिहिलेली छोटी दुर्बीण दिवसा उत्तम. २५ ला ८ ने भागले की ३ मिलिमीटर येतात, एवढा प्रकाशाचा झोत दिवसाच्या आकसलेल्या बाहुलीला पुरतो. संधिप्रकाशात बाहुली मोठी होते, तेव्हा ८ × ४२ बरी.

दुर्बीण डोळ्यांना जुळवून न घेता वापरणारे फार आहेत, आणि मग डोके दुखते म्हणतात. एकदाच करायचे काम आहे. उजव्या बाजूच्या पुढच्या भिंगावर हात ठेवा आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्पष्ट करा. आता डावे भिंग झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या नेत्रभिंगाभोवतीची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. पुढे फक्त चाक फिरवायचे. चष्मा असेल तर नेत्रभिंगाची रबरी कडा दुमडून किंवा आत फिरवून ठेवा.

सज्जातल्या मोठ्या दुर्बिणीत हलते त्याची कारणे दोन. लोक चालले की सज्जा थरथरतो, आणि ऊन चढल्यावर छपरांवरून, रस्त्यांवरून उठणारी गरम हवा लहरते. दुसऱ्याला दुर्बिणीत इलाज नाही, सकाळी पाहणे हाच इलाज. स्वतःची दुर्बीण असेल तर कठड्यावर कोपरे टेकू नका. कोपरे छातीशी धरा आणि पाठ मधल्या भिंतीला लावा. पट्टा गळ्यात हवाच. ५० मीटरवरून सुटलेली वस्तू हवेचा अडथळा सोडला तर ताशी ११० किलोमीटरच्या वेगाने खाली आदळते, आणि खाली माणसे असतात. फोनलाही हेच लागू.

प्रश्न : काचेतून काढलेल्या फोटोंत आमचेच चेहरे येतात.

फोनची भिंगे काचेला अगदी चिकटवा. मधे बोटभर फट राहिली तरी मागचा दिवा त्यात शिरतो. तिरपा फोटो हवा असेल तर फोनभोवती काळा रुमाल किंवा जाकिटाची बाही गुंडाळा. फ्लॅश बंद करा. बोटांचे डाग आधी पुसा. फिकट कपड्यांचे प्रतिबिंब जास्त पडते, गडद घाला. कॅमेऱ्याला पोलरायझर लावत असाल तर इथे काढून ठेवा, कडक केलेल्या काचेत त्याने इंद्रधनुषी पट्टे उमटतात. बाहेर जाळी असेल तर भिंग जाळीला टेकवा आणि कॅमेऱ्याच्या भिंगाचे छिद्र (अपर्चर) मोठे ठेवा, तार विरघळून जाते. रात्री तिपाई हलत्या मनोऱ्यावर फारशी कामाची नाही. आयएसओ वाढवा, बरेच फोटो काढा, त्यांतला एखादा स्थिर निघतो.

प्रश्न : सूर्यास्त आणि शहराचे दिवे दोन्ही पाहायचे आहेत. किती वाजता पोहोचावे?

सूर्यास्ताच्या तासभर आधी वर असा. दिवे उत्तम दिसतात ते सूर्यास्तानंतर साधारण १५ ते ३० मिनिटांत, आकाश गडद निळे असते आणि इमारतींच्या कडा अजून दिसतात तेव्हा. पूर्ण काळोखात नुसते ठिपके उरतात. विषुववृत्ताजवळ ही वेळ भराभर सरते, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जावे तशी लांबते. क्षितिज सपाट असेल तर ४०० मीटर उंचीवरून सूर्य पायथ्यापेक्षा दोन-अडीच मिनिटे उशिरा मावळतो. पंचांगातली वेळ पाहून लगेच उठू नका.

चुकते ते उतरताना. शेवटचा पाळणा किंवा शेवटची बस किती वाजता, हे चढण्याआधी विचारा, आणि रांगही लागेल हे धरा. पायी उतरणार असाल तर चढायला लागलेला वेळ आठवा. ढोबळ हिशोब असा: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. ४ किलोमीटर वाट आणि ४०० मीटर चढ म्हणजे दीड तास. अंधारात उतरायला त्याहून कमी लागेल असे समजू नका. प्रत्येकाकडे वेगळी विजेरी हवी, शक्यतो डोक्याला बांधायची. फोनचा दिवा धरला की एक हात अडकतो आणि बॅटरीही जाते.

प्रश्न : वर असताना गडगडाट झाला तर आत थांबावे की खाली यावे?

उघड्या सज्जातून त्याच क्षणी आत या. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर. पण आवाज ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते, म्हणून मोजत उभे राहण्यात अर्थ नाही. मनोऱ्याचा वीजवाहक मनोऱ्याला वाचवतो, कठड्याला हात लावून उभ्या असलेल्या माणसाला नाही. चारी बाजूंनी बंद, पक्की खोली असेल तर तिथे भिंतीपासून, पाइपांपासून दूर थांबा. उघडा लोखंडी जिना हा आसरा नव्हे, झाड तर मुळीच नव्हे. शेवटचा गडगडाट होऊन ३० मिनिटे गेल्याशिवाय पुन्हा वर जाऊ नका. ढग दाटताना दिसले तर गडगडाटाची वाट न पाहता उतरून गाडीत बसा, काचा वर करा.

प्रश्न : मनोऱ्यावर फोनचे होकायंत्र भलतीच दिशा दाखवते. खाली आल्यावर गाडीचे रिमोटही चालेना. बिघाड आहे का?

दोन्हींत बिघाड नसावा. फोनमधला चुंबकीय संवेदक आजूबाजूच्या पोलादाने फसतो. पोलादी मनोऱ्यावर त्याच्यावर विसंबू नका. डोंगरमाथ्यांवर बऱ्याचदा प्रक्षेपणाचे खांब असतात. श्टुटगार्टचा १९५६ चा काँक्रीटचा मनोराही दूरचित्रवाणीसाठीच टेकडीवर उभा राहिला. अशा जोरदार लहरींच्या शेजारी रिमोटचा क्षीण संदेश गाडीला ऐकूच येत नाही. किल्ली दाराच्या अगदी जवळ धरून पाहा, नाहीतर किल्लीच्या पोटातली धातूची पात काढून दार उघडा. काही गाड्यांत ती पात लावायची जागा दाराच्या मुठीवरच्या झाकणाखाली असते, निघण्याआधी ती शोधून ठेवा.

दिशा ओळखायला कागदी नकाशा न्या. नक्की ओळखू येणारी एक खूण निवडा, म्हणजे धरणाची भिंत, मोठा पूल किंवा विमानतळाची धावपट्टी. नकाशावर मनोऱ्यापासून त्या खुणेपर्यंत पट्टी ठेवा आणि पट्टी खऱ्या खुणेच्या रेषेत येईपर्यंत नकाशा फिरवा. दुसऱ्या खुणेने पडताळा घ्या. दोन्ही जुळल्या की नकाशा तसाच धरून ठेवा, बाकीची शिखरे आणि गावे एकेक करून सापडत जातात.